सात तास पाच मिनिटं

दोन विमानतळांमधलं अंतर किती, असं मला कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. प्रश्नात वाईट काही नाही. पण विचारणाऱ्याने आधीच फोनवर कुठेतरी बघितलेलं असतं, आणि माझा आकडा त्याच्याशी जुळला नाही की मीच थापाडी ठरते. अहो, तो फोनवरचा आकडा म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून मारलेली रेघ. त्या रेघेवरून कावळासुद्धा जात नाही. विमानाला वळसे असतात, कुठलंतरी आकाश बंद ठेवलेलं असतं, ढग असतात, आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे वारा. तो कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

सव्वीस वर्षं मी हेच काम करतेय. विमान निघायच्या तीन तास आधी त्याचा कागद तयार करायचा. कुठून जाईल, किती उंचीवरून जाईल, इंधन किती लागेल, वेळ किती लागेल. त्यावर एक सही कप्तानाची, एक माझी. माझ्या कागदात आणि खऱ्या उड्डाणात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर मला जेवण गोड लागत नाही. ऑफिसात मला पाठीमागे 'मिनिटबाई' म्हणतात. तोंडावर म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

माझा धाकटा भाऊ, ज्याला आम्ही घरात बारक्या म्हणतो, तो सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी लांब गेला. आता त्रेचाळीस वर्षांचा आहे, टक्कल पडलंय, दोन पोरं आहेत, तरी बारक्याच. आमच्या विमानतळापासून त्याच्या विमानतळापर्यंत पाच हजार नऊशे किलोमीटर. आमच्याच कंपनीचं विमान रोज तिकडे जातं आणि रोज तिकडून येतं. तिकडून येणाऱ्याचा कागदही आमच्याच खोलीत होतो, आणि बहुतेक वेळा तो मीच करत आलेय.

हे आईला कळलं आणि त्या दिवसापासून माझ्यामागे एक शुक्लकाष्ठ लागलं. मी दारात चप्पल काढते न काढते तोच आतून आवाज यायचा, "आज किती?"

पहिल्यांदा मी तिला समजावून सांगितलं. जाताना वारा पाठीशी असतो, म्हणून सहा तास वीस मिनिटं. येताना तोच वारा तोंडावर येतो, म्हणून सात तास वीस.

"म्हणजे जाणं सोपं आणि येणं अवघड," ती म्हणाली.

"अगं, वाऱ्याचं आहे ते."

"मी तरी वाऱ्याचंच बोलतेय," असं म्हणून ती कपबशा विसळायला गेली.

जाण्याचा आकडा तिने पुन्हा कधी विचारला नाही. तिला फक्त येण्याचा हवा असायचा. उन्हाळ्यात वारा मंदावला की सात तास, कधी सहा पन्नास. मग स्वारी खूश. "आज जवळ आहे हो पोरगा," असं स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणायची. थंडीत आकडा आठाकडे सरकला की भांडी आपटायला लागायची. "अगं बाई, तो जागचा हललेला नाही," असं मी शंभरदा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी. पण हळूहळू तिला सगळं कळायला लागलं, मागचा वारा, पुढचा वारा, वळसा का घ्यावा लागतो, उशीर कशामुळे होतो. सात वर्षं रोज संध्याकाळी माझा क्लास चालायचा. इतकी हुशार शिकाऊ मुलगी ऑफिसात मिळाली असती तर मी तिला डोक्यावर घेऊन नाचले असते.

आकड्यांवर तिचा विश्वास असण्याला कारण होतं. एकतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचं जंजाळ, आणि शेजारी घड्याळ. लांबच्या गावचा फोन जोडून द्यायचा, आणि तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून सांगायचं, वेळ संपली. मी लहानपणी विचारलं होतं, "लोक रडत असले तरी तोडायचीस?" तर म्हणाली, "रडणाऱ्याची तीन मिनिटं काय चार असतात?"

बारक्या मनाने वाईट नाही. पण त्याचं येणं म्हणजे बोलाची कढी आणि बोलाचाच भात. पहिल्यांदा येतो म्हणाला तेव्हा आईने त्याची खोली झाडली, गाद्या उन्हात टाकल्या, मला कामावरून लवकर यायला लावलं. विमान उडून दोन तास झाल्यावर त्याचा फोन आला, तोही घरून. पोराला ताप होता. आई "हो रे, पोराकडे बघ आधी," म्हणाली आणि गाद्या परत गुंडाळून ठेवल्या.

दुसऱ्यांदा त्याच्या साहेबाने ऐन वेळी रजा नाकारली. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी घरी जाऊन ठोकून दिलं, "विमान रद्द झालं." माझं नशीब असं की शेजारच्या शिक्षिकेची बहीण त्याच विमानाने आली आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चहाला. आईने तिला चहा दिला, हसून बोलली, आणि मग दोन दिवस माझ्याशी अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आकडा सोडून बाकी सगळ्यात तू थापा मारतेस. आणि भावाचा विषय निघाला की विचारायलाच नको. यापुढे मला आकडा सांगायचा, बाकी काही सांगायचं नाही. आणि निघतो म्हणाला, हे मला सांगू नकोस. विमानात बसला की सांग."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. या थंडीत तिचं हृदय थकलं, फुप्फुसात पाणी भरायला लागलं. अकरा दिवस दवाखान्यात काढले. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, आता घरी न्या, त्यांना घरी बरं वाटेल. या वाक्याचा अर्थ काय असतो हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पुढच्या खोलीत पलंग लावला, कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन ठेवलं, एक नर्स राहायला आली. आम्ही तिला सिस्टर म्हणायचो. शांत, कामसू पोरगी.

त्याच संध्याकाळी मी बारक्याला फोन केला. "ये," एवढंच म्हणाले.

"येतो, ताई."

"येतो नको. बस."

तो फोनवर रडायला लागला. "या वेळी बसतो गं. शप्पथ."

विमान सकाळी निघणार होतं. माझी रजा होती, त्यामुळे कागद करायला माझ्या जागी ढगोबा बसला होता. हा आमच्या खोलीतला माझ्याहून दहा वर्षांनी लहान माणूस. हवामानाच्या नकाशात रात्रंदिवस डोकं खुपसून बसतो म्हणून ढगोबा. सहाच्या आधीच मी त्याला फोन लावला.

"ताई, बसले ते," उचलल्या उचलल्या तो म्हणाला. "यादीत नाव आहे. दारं बंद झाली."

"परत बघ."

"दोनदा बघितलं."

मी भिंतीला टेकले. मग विचारलं, "वेळ?"

"उतरले की घ्यायला मीच जाईन," तो म्हणाला.

"अरे, वेळ किती काढलीस?"

"आठ पस्तीस."

"आठ पस्तीस? विमान आहे की बैलगाडी?"

"ताई, समोरून दोनशेने वारा येतोय. गेल्या तीन वर्षांत असा नकाशा बघितला नाही मी."

"मग उत्तरेने काढ!"

"उत्तरेचं आकाश परवापासून बंद आहे. नोटीस तुम्हीच वाचून दाखवलीत आम्हाला."

"मी खुर्चीत असते ना..."

"तुम्ही असतात तरी आठ पस्तीसच काढले असते," तो हळूच म्हणाला. "वारा काय माझ्या घरचा नोकर आहे का, ताई?"

त्याचं खरं होतं. खरं होतं म्हणून तर मी फोन आपटला. पाच मिनिटांनी परत लावला आणि म्हटलं, कप्तानाला निरोप दे, आई शेवटच्या घटका मोजतेय, जमेल तेवढा वेग वाढव म्हणावं. ढगोबा म्हणाला, आधीच दिलाय.

विमान आमच्या घड्याळाने सहा वीसला उडालं. म्हणजे उतरणार दोन पंचावन्नला. रांग, सामान, गाडी धरून दारात साडेतीन-पावणेचारला.

सात वाजता डॉक्टर येऊन गेले. आईला तपासलं, तिच्याशी दोन शब्द बोलले, आणि दाराबाहेर आल्यावर मला म्हणाले, "मुलगा कधी येतोय?"

"दुपारी. साडेतीनपर्यंत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दुपार निघेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. मनाने धरून ठेवलं तर माणूस थांबतो कधी कधी. त्यांना सांगा तो येतोय म्हणून."

मी आत आले तेव्हा आई जागी होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, पण नजर लख्ख.

"बसला?" तिने विचारलं.

"बसला."

"तू बघितलंस?"

"ढगोबाने यादीत बघितलं. दोनदा."

"उडालं?"

"सहा वीसला."

तिने डोळे मिटले. एक श्वास घेतला, तो घ्यायलाच तिला केवढा वेळ लागला. मग डोळे उघडून म्हणाली, "आज किती?"

मी आजवर हजारो कागदांवर सह्या केल्यात आणि एकाही कागदावर आकडा फिरवलेला नाही. कप्तान चिडले, साहेब चिडले, मी मिनिट सोडलं नाही. पण त्या पलंगावर पडलेल्या माणसाला आठ तास पस्तीस मिनिटं कशी सांगू? मला वाटलं, ही खचेल. सात म्हटलं तर तग धरेल. मग दुपारी दहा मिनिटं उशीर, वीस मिनिटं उशीर, असं करत करत नेऊ पुढे. पोराला औषध पाजताना 'झालं, झालं, एकच घोट' म्हणतात ना, तसं.

"सात तास पाच मिनिटं," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी बरं झालं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला एकाने भागत नाही. "वारा मागून आहे आज."

आईचा चेहरा असा उजळला! "थंडीत? मागून?"

"कधी कधी फिरतो."

"बघ," ती सिस्टरला म्हणाली, "माझ्या पोरासाठी वारासुद्धा फिरला." मग ओठ हलवत तिने हिशेब केला. "एक पंचवीस. मग ती रांग, सामान, गाडी. दोन. दोनला दारात." भिंतीवरचं घड्याळ तिला पलंगावरून दिसत नव्हतं. तिने ते काढून पायाशी स्टुलावर ठेवायला लावलं.

त्या सकाळी आई जितकं बोलली तितकं आदल्या आठवड्यात मिळून बोलली नव्हती. सिस्टरकडून केस विंचरून घेतले. उशीचा अभ्रा बदलायला लावला. मला म्हणाली, त्याला आल्या आल्या जेवायला वाढ, चौकशा नंतर कर, तुझी जीभ म्हणजे कात्री आहे. मी म्हटलं, कुणावर गेलेय मग? तर हसली. हसताना खोकला आला, ओठ निळे पडले, सिस्टर धावत आली. श्वासाचा त्रास वाढला की द्यायचं एक इंजेक्शन होतं. त्याने आराम पडायचा, पण गुंगी यायची.

"नको," आई म्हणाली. "झोप लागेल मला."

"आजी, फार त्रास होतोय तुम्हाला."

"दोनपर्यंत काही देऊ नका. दोननंतर काय द्यायचं ते द्या."

साडेअकराला परत तसंच झालं. साडेबाराला त्याहून वाईट. ती पलंगाची कड धरून, मान पुढे काढून एकेक श्वास ओढत होती आणि नजर घड्याळावर. मला बघवेना. मी म्हटलं, "आई, घे ना गं इंजेक्शन, तो आला की उठवेन." तिने नुसती मान हलवली. बोलायला तिच्याकडे श्वास शिल्लक नव्हता, असलेले सगळे तिने दोनपर्यंत वाटून ठेवले होते. आणि ती वाटणी मी करून दिलेली होती. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. ढगोबाचा निरोप आला, कप्तानाने वेग वाढवलाय, नऊ मिनिटं वाचतील. नऊ! म्हणजे दोन शेहेचाळीसला उतरणार. आणि मी सकाळी नव्वद मिनिटं खाल्ली होती.

एक पंचवीसला ती म्हणाली, "टेकलं."

मी ठरवल्याप्रमाणे म्हणाले, "जरा उशीर दिसतोय आई. वीसेक मिनिटं."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मागून वारा असताना?"

दुसऱ्या कुणाच्या आईला काय कळलं असतं? काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण हिला मागचा वारा, पुढचा वारा, सगळं मीच शिकवलेलं.

"गर्दी असेल उतरायला. वर थांबवतात कधी कधी," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली आणि परत घड्याळाकडे वळली.

दोन वाजले. दाराबाहेर एक गाडी थांबली, आईने मान उचलली. गाडी शेजाऱ्यांची निघाली. दोन वाजून दहा मिनिटं झाली. आता माझ्याने राहवेना. मी पलंगाशी गुडघ्यावर बसले आणि तिचा हात धरला.

"आई, ऐक. मी सकाळी खोटं सांगितलं. वारा समोरून आहे, फार जोरात आहे. सात पाच नाही, आठ पस्तीस आहे. तू खचशील म्हणून मी कमी करून सांगितलं. तो विमानात आहे गं. अजून अर्ध्या तासाने उतरेल. थोडं थांब."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. शाळेत पडल्याचं लपवणाऱ्या पोरीकडे बघावं तसं बघत राहिली.

"तू आकड्यात कधी खोटं बोलत नाहीस," ती म्हणाली.

"आज बोलले!"

"आज बोलतेयस," ती म्हणाली. "किती नीट रचलंस."

"आई, तुझी शप्पथ!"

"नाही बसला तो."

मी उठले, ढगोबाला फोन लावला, आवाज मोठा करून फोन तिच्या कानाशी धरला. तो बिचारा ओरडून ओरडून सांगत होता, काकू, आहेत ते विमानात, मी स्वतः यादी बघितली, मी आता विमानतळावर त्यांना घ्यायलाच उभा आहे. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच ऑफिसातले."

मी फोनवर नकाशा काढून दाखवला, त्यावरचं हळूहळू सरकणारं विमान दाखवलं. तिने डोळे बारीक करून बघितलं. "विमान आहे गं," ती म्हणाली. "ते रोजच असतं."

माझा तोल गेला. मरणाऱ्या माणसावर कुणी ओरडतं का? मी ओरडले. "तुला एवढंसुद्धा कळत नाही का, मी कशाला आत्ता खोटं बोलू!" सिस्टरने माझा खांदा धरला. आईने माझ्या हातावर थोपटलं. ती मला समजावत होती! मला!

"त्याला रागावू नकोस," ती म्हणाली. मध्ये थांबली, श्वास घेतला, परत बोलली. "पोरं आजारी पडली असतील. नाहीतर तो साहेब. मेला तो साहेबच तसला." परत थांबली. "आणि तू सांभाळून घेतेस त्याला, ते बरं करतेस. मी गेल्यावर पण घे."

मग सिस्टरकडे बघून म्हणाली, "द्या ते आता."

"नको!" मी म्हणाले. "सिस्टर, थांब. एक तास. आई, एक तास थांब ना गं."

"कशासाठी?" आईने विचारलं.

तिने अगदी साधं विचारलं होतं. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे. आईचे ओठ पूर्ण निळे झाले होते, छातीतून घरघर येत होती. इंजेक्शन सकाळपासून द्यायला हवं होतं. सिस्टरने दिलं. तिचं काही चुकलं नाही. पाच मिनिटांत आईची मूठ सैल झाली, घड्याळावरची नजर निघाली. ती भिंतीकडे वळली. दोन पस्तीसला श्वास थांबला. माझ्या हातातल्या फोनवर विमान तेव्हा शहराच्या वेशीवर आलं होतं. उतरायला अकरा मिनिटं होती.

बारक्या आला पावणेचारला. ढगोबाने त्याला काही सांगितलं नव्हतं, किंवा सांगायचं धैर्य झालं नव्हतं. गाडी थांबायच्या आत दार उघडून तो धावत आला. हातात बॅग नाही, बूट तसेच, शर्ट पाठीला चिकटलेला. मी दारात उभी होते. माझं तोंड बघून त्याचे पाय तिथेच थबकले.

"कधी?" त्याने विचारलं.

"दोन पस्तीसला."

"मी तेव्हा..." तो म्हणाला. "आम्ही तेव्हा खाली येत होतो. घरं दिसायला लागली होती." मग दाराच्या चौकटीला डोकं टेकवून तो हमसून हमसून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. लहानपणी तो पडला की असाच रडायचा, आवाज न करता, नुसतं अंग हलायचं.

थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं आणि तो प्रश्न विचारला, जो तो विचारणार हे मला तासाभरापासून ठाऊक होतं. "शेवटी काय म्हणाली? माझी वाट बघत होती?"

मी तासभर बसून उत्तर तयार केलं होतं. झोपेत गेली. शांत गेली. तुझं नाव घेत होती. सांगितलं असतं तर त्याने जन्मभर विश्वास ठेवला असता. सिस्टर आत होती, तीही काही बोलली नसती. पण त्याचा तो सुजलेला चेहरा बघितला आणि मला माझीच किळस आली. सकाळी एकीला असंच गोड करून सांगितलं होतं.

मी सगळं सांगितलं. सात तास पाच मिनिटं, मागचा वारा, घड्याळ, परतवलेलं इंजेक्शन, सगळं. "तिला वाटलं तू या वेळीही बसला नाहीस," मी म्हणाले. "मी खरं सांगितलं तेव्हा तिला ती थाप वाटली. तुझ्यावर रागावली नाही रे. मला म्हणाली, त्याला सांभाळून घे. पण गेली ती तू आला नाहीस असं समजून. माझ्यामुळे. तुला मला मारायचं असेल तर मार."

शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तो माझ्याकडे बघत होता, पण त्याला मी दिसत होते की नाही कोण जाणे. मग माझ्या बाजूने तो आत गेला.

सिस्टरने आईला सरळ केलं होतं, चादर गळ्यापर्यंत ओढली होती. बारक्या पलंगाशी उभा राहिला. एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला. पासपोर्टमधून विमानाच्या पासाचा चुरगळलेला तुकडा काढला, मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केला, आणि वाकून तिच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर धरला.

"आई, हे बघ," तो म्हणाला. "बसलो होतो गं मी. हे बघ, तारीख आजची आहे. पहाटे चारलाच जाऊन बसलो होतो, उशीर नको म्हणून. आई, बघ ना."

सिस्टर तोंडावर हात धरून बाहेर गेली. बारक्या तो कागद तसाच धरून उभा होता. मग तो माझ्याकडे वळला.

"ताई, तू सांग ना तिला," तो म्हणाला. "तुझं ऐकते ती."

मी जवळ गेले. त्या कागदाचं दुसरं टोक धरलं आणि त्याच्याबरोबर मीही तो तिच्यासमोर धरून उभी राहिले.